विनाकारण थांबण्याचा हक्क

बाईच्या प्रवासाला कारण लागतं. माहेरपण, बाळंतपण, लग्नकार्य, देवदर्शन, नाहीतर मयत. कारण संपलं की तिने परतीची गाडी धरायची. पुरुष मात्र चार मित्र जमवतो, 'जरा कोकणात जाऊन येतो' म्हणतो आणि त्याला कुणी कारण विचारत नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघी मैत्रिणी अलिबागहून रत्नागिरीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने गेलो. गाडी आमच्यातलीच एक चालवत होती. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड अशा चार खाड्या फेरीबोटीत गाडी घालून ओलांडल्या. वाटेल तिथे थांबलो. पण धक्क्यावर 'ड्रायव्हर कुठे गेला?' हा प्रश्न आलाच, तोही चालवणारी स्टिअरिंगवर बसलेली असताना! एका लॉजवर विचारलं, 'बरोबर जेन्ट्स कोण?' कुणी नाही म्हटल्याबरोबर सगळ्या खोल्या भरल्या. बाहेर 'खोल्या मिळतील' ही पाटी तशीच होती.

आम्ही चौघी होतो, गाडी होती, पुढचं गाव गाठलं. पण नवऱ्याचा मार खाऊन रात्री घर सोडणाऱ्या बाईला हाच लॉजवाला भेटतो. पुरुषाशिवाय आलेली बाई म्हणजे संशयित, हा नियम तिच्यासाठीही तोच. एक रात्र काढायला जागा नाही म्हणून किती जणी परत त्याच उंबऱ्याच्या आत जातात, हे आपल्या सल्ला केंद्रांवर बसणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. 'पाणी, रोजगार, हिंसाचार असे प्रश्न असताना ही मौजमजा कशाला?' असं विचारणाऱ्या मैत्रिणींना माझं एवढंच उत्तर आहे.

आता दुसरी बाजू. या किनाऱ्यावर लोक निवांत व्हायला येतात, ती निवांतता कुणाच्या जिवावर? घरगुती खानावळीत पहाटेची घावनं, दुपारचं माशाचं जेवण, सोलकढी, रात्री पुन्हा भाकऱ्या. जाहिरात 'घरच्या चवीची', राबणारी घरची बाई, पाटीवर नाव मात्र मालकाचं! हर्णैच्या बंदरावर लिलावात मासळी घेणारी, टोपली उचलणारी, खारवून सुकवणारी कोळीण पर्यटकाच्या फोटोत असते. तिच्या बसायच्या जागेला सावली आहे का, हे फोटो काढणारा बघत नाही. देशातल्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार २०२४ मध्ये घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला २८९ मिनिटं त्यात जात होती, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. पाहुणे आले की यातली कुणाची मिनिटं वाढतात?

म्हणून नुसतं 'आपणही फिरू या' म्हणून भागणार नाही. एका बाईची सुट्टी दुसरीच्या कंबरड्यावर उभी राहणार असेल, तर ती सुट्टी पुरुषी सुट्टीहून वेगळी कशी?

मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. चांगलं झालं. पण अर्ध्या तिकिटात बसलेली बाई घरून निघताना पाणी पिणं टाळते, कारण उतरल्यावर मोरी मिळेल याची खात्री नाही. पुरुष रस्त्याकडेला उभा राहतो, ती पोट आवळून बसते. प्रवास स्वस्त झाला, थांबणं अजून महागच आहे.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. प्रत्येक धक्क्यावर, स्टँडवर आणि मासळी बाजारात पाणी असलेलं, कडी लागणारं, रात्रीही उघडं स्वच्छतागृह हवं. एकट्या बाईला खोली नाकारणाऱ्यावर कारवाई हवी. घरगुती खानावळ-निवासाच्या नोंदणीत राबणाऱ्या बाईचं नाव आणि उत्पन्नात तिचा वाटा हवा. आपापल्या तालुक्यात गटांनी हे प्रश्न ग्रामसभेत मांडावेत.

आणि हो, मैत्रिणींनो, मागण्या मान्य होईपर्यंत घरी बसू नका. चौघी जमवा आणि निघा. कुणी 'कशाला आलात?' विचारलं तर कारण सांगू नका.