हाडांची साक्ष

तांबरमनजीकच्या पल्लावरम येथे 1863 साली रॉबर्ट ब्रूस फूट यांना अश्मयुगीन दगडी हत्यार सापडले. भारतीय प्रागितिहासाच्या अभ्यासाचा आरंभ तेथून मानतात. परंतु त्या काळच्या माणसाने कोणता प्राणी मारला, हे एकटा दगड सांगू शकत नाही. ते हाडे सांगतात; आणि जांभ्याच्या आम्लयुक्त मातीत हाडे सहसा टिकत नाहीत.

जेथे ती टिकली, तेथे किती कळते हे पुणे जिल्ह्यातील इनामगावी दिसून आले. घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन डेक्कन कॉलेजने 1968 पासून केले. हाडे कोणत्या प्राण्याची, त्याचे वय काय, कापल्या-भाजल्याच्या खुणा कोठे, हे सारे तपासले गेले. आरंभी गाईबैल प्रमुख होते. सुमारे 3000 वर्षांपूर्वी शेळ्यामेंढ्यांचे व शिकारीचे प्रमाण वाढले. पाऊस उणावला, शेती खालावली आणि शेतकरी मेंढपाळीकडे वळला, असा अर्थ अभ्यासकांनी लावला. दुष्काळातील सामान्य कुटुंबाचा असा वृत्तान्त कोणत्याही ताम्रपटात नाही.

तरीही लोकांचे कौतुक नाण्यांना आणि मूर्तींनाच लाभते. वस्तुतः हाडाचा प्रत्येक तुकडा, तो कोणत्या थरात मिळाला याच्या नोंदीसह, तितक्याच काळजीने जपला पाहिजे. खणलेली माती चाळलीही पाहिजे. मासे आणि उंदीर यांची हाडे चाळणीवाचून क्वचितच हाती लागतात.