वजन घटवण्याच्या गोळ्या आणि फोनवरचा डॉक्टर : रायगड किनारपट्टीवरील नागरिकांचे निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य,
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई.

मार्फत : मा. सहायक आयुक्त (औषधे), रायगड जिल्हा, पेण.

विषय : डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यावयाच्या वजन घटवण्याच्या गोळ्या फोनवरील सल्ल्याने मिळण्याची व्यवस्था रायगड किनारपट्टीवर सुरक्षित करणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा व उरण तालुक्यांतील रहिवासी आहोत. या विषयावरचे निवेदन म्हटले की ‘ऑनलाइन औषधे बंद करा’ हीच मागणी असणार, असे कार्यालयात गृहीत धरले जाते. आमची मागणी ती नाही. फोनवरून डॉक्टर मिळण्याची सोय राहिलीच पाहिजे. आज त्या सोयीच्या नावाखाली जे चालले आहे त्यात डॉक्टर नसतो, तपासणी नसते, फक्त पार्सल असते. हे बदलावे, एवढ्यासाठी हे निवेदन.

श्रीवर्धनच्या माणसाला अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात यायचे तर म्हसळा-माणगावचा वळसा घ्यावा लागतो, नाहीतर दिघीला जाऊन आगरदांड्याची जंगलजेटी धरावी लागते. मांडवा ते गेटवे प्रवासी लाँच पावसाळ्यात बंद असतात. रो-रो चालते, पण समुद्राचा नूर पाहून. अलिबागला २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, याचा आम्हाला आनंद आहे. तरीही निव्वळ वाढलेल्या वजनासाठी दिवसाचा रोजगार बुडवून तिथवर कोणी जात नाही. गुडघे बोलायला लागले किंवा शुगर निघाली की जातात. तोपर्यंत ‘खात्यापित्या घरचा आहे’ म्हणून विषय हसण्यावारी नेला जातो.

हसण्यावारी नेण्यासारखा तो राहिलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या २३.४ टक्के स्त्रिया आणि २४.७ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ निघाले. ही मोजणी बॉडी मास इंडेक्स २५ धरून केलेली आहे. आपल्याकडच्या माणसाच्या पोटावर चरबी लवकर साठते, म्हणून भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्येच जादा वजनाची रेषा २३ वर आणि लठ्ठपणाची २५ वर आणली. त्या रेषेने मोजले तर आकडा आणखी वर जाईल.

आता गोळ्यांविषयी. सेमाग्लुटाइडची गोळी भारतात जानेवारी २०२२ मध्ये बाजारात आली ती टाइप-२ मधुमेहासाठी; ताकद ३, ७ आणि १४ मिलिग्रॅम. याच औषधाची २५ मिलिग्रॅमची गोळी अमेरिकेत डिसेंबर २०२५ मध्ये वजन घटवण्यासाठी मंजूर झाली आणि तिथले व्हिडिओ आमच्या मुलामुलींच्या फोनवर यायला वेळ लागला नाही. भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. त्यानंतर देशी कंपन्यांची वाट मोकळी, किंमत उतरणार, आणि आज अलिबागच्या बंगल्यांपुरते असलेले औषध कोळीवाड्यात येणार. ते यावे, अशीच आमची इच्छा आहे. याच औषधाच्या इंजेक्शनला फ्रिज लागतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन-मुरूडकडच्या किती गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले, हे आपल्या दप्तरी असेलच. वीज गेली तरी गोळी खराब होत नाही. म्हणून किनाऱ्यावर गोळीच उपयोगाची, आणि म्हणूनच ती कशी हाती पडते याला महत्त्व.

आमच्यापैकी एका भगिनीचा अनुभव इथे मांडतो. नाव आणि कंपनी दोन्ही लिहीत नाही. आपल्या अधिकाऱ्यांना कागद प्रत्यक्ष दाखवू. ती मासे विकते. फोनवर जाहिरात आली, तिने फॉर्म भरला. ‘वजन’ या रकान्यात धाकट्याच्या वेळी उपकेंद्रात झालेले वजन आठवून लिहिले, कारण त्यानंतर काट्यावर ती उभीच राहिलेली नाही. ‘चालू औषधे’ या रकान्यात ‘शुगरची गोळी’ असे लिहिले. कोणती, हे कोणी विचारले नाही. ती ग्लिमेपिराइड होती. व्हिडिओवर कोणी आले नाही, फोनही आला नाही. ‘डॉक्टरांनी मंजुरी दिली आहे’ असा संदेश आला आणि मागोमाग चिठ्ठी. तिच्यावरचा नोंदणी क्रमांक भिंग लावूनही वाचता येत नाही. पार्सलमध्ये कापलेली पट्टी होती आणि सुट्या गोळ्या कागदी पाकिटात.

सेमाग्लुटाइडची ही गोळी सकाळी अनशापोटी, जास्तीत जास्त १२० मिलिलिटर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे निदान अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही. चहाबरोबर घेतली तर ती नीट अंगी लागत नाही. आमच्याकडे पहाटे पहिला घोट चहाचा असतो, गोळीही त्याच घोटाबरोबर जाते. शिवाय तिला दमट हवा मानवत नाही. घ्यायच्या वेळेपर्यंत पट्टीतच ठेवायची असते. जुलैत मुरूडला मीठ पाझरते, तिथे कागदी पाकिटातल्या गोळीचे काय होणार? गुण येत नाही म्हणून या भगिनीने आपल्याच मनाने दोन-दोन गोळ्या घेतल्या. उलट्या सुरू झाल्या, जेवण तुटले, शुगरची गोळी मात्र चालू राहिली. एका पहाटे बंदरावर लिलावाला उभी असताना तिला घाम सुटला आणि हातपाय थरथरू लागले. शेजारणीने तोंडात साखर घातली म्हणून निभावले. कंपनीला कळवले तर उत्तरादाखल पुढच्या महिन्याच्या हप्त्याची आठवण आली.

यातली प्रत्येक चूक आजच्या नियमांतही चूकच आहे. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे निदान न करता औषध लिहिणे हे गैरवर्तन. जाहिराती किंवा आमिषे दाखवून रुग्ण ओढणेही गैरवर्तन. संगणकाने रुग्णाला सल्ला द्यायचा नाही, औषध लिहायचे नाही. पहिल्याच भेटीत चिठ्ठीवरचे औषध लिहायचे तर व्हिडिओवर, आणि तेही तत्त्वांतल्या ‘अ’ यादीत बसणारे तुलनेने निर्धोक औषध. सेमाग्लुटाइड कोणत्या यादीत, हे कुठेही नाव घेऊन लिहिलेले नाही, आणि याच फटीतून सगळा व्यापार चालतो. दुसरी फट ऑनलाइन औषधविक्रीची. तिच्या नियमांचा मसुदा २८ ऑगस्ट २०१८ ला निघाला, अंतिम नियमांची वाट आम्ही पाहतोच आहोत. वजन घटवण्यासाठी या औषधांच्या सर्रास विक्रीचा प्रश्न जुलै २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायालयानेही तो केंद्रीय औषध नियंत्रकांकडेच सोपवला. दिल्लीत व्हायचे ते होईल. १९४५ च्या औषध नियमांतील नियम ६५ आणि दुकानाचा परवाना हे मात्र आपल्या हातात आहेत.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी. फोनच्या त्या टोकाला डॉक्टर असेल तर या टोकाला वजनकाटा हवा. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आयुष्मान आरोग्य मंदिरात वजन, उंची, कंबरेचा घेर, बीपी आणि शुगर मोजून, चालू औषधांची नावे पट्टी पाहून लिहून, शिक्क्यासह एक पानी नोंद द्यावी. स्वतःला किंवा घरात कोणाला थायरॉईडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला होता का, स्वादुपिंडाला सूज आली होती का, पित्ताशयात खडे आहेत का, दिवस राहिले आहेत का किंवा राहावेत असा विचार आहे का, हे प्रश्न तिथेच मराठीत विचारावेत. शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा, कारण गर्भधारणेच्या निदान दोन महिने आधी हे औषध बंद करावे लागते आणि फॉर्म भरणाऱ्या मुलीला ते कोणी सांगत नाही. ई-संजीवनीवर समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाशेजारी बसून मोठ्या डॉक्टरांशी बोलणे करून देतात, तेव्हा व्यवस्था नव्याने उभारायची नाही. आपण जिल्हा आरोग्य अधिकारी व जिल्हा शल्यचिकित्सकांशी बोलून ही नोंद सुरू करावी, आणि तिच्याशिवाय दिलेल्या चिठ्ठीवर रायगडात या गोळ्या देऊ नयेत असे परिपत्रक काढावे.

त्याच परिपत्रकात मेडिकलवाल्यांसाठी आणि बाहेरून पार्सल पाठवणाऱ्या परवानाधारकांसाठी हेही असावे : चिठ्ठीवर डॉक्टरांचा वाचता येईल असा नोंदणी क्रमांक आणि व्हिडिओ सल्ल्याची तारीख हवी, पट्टी अख्खीच द्यावी, सोबत मराठीत मोठ्या अक्षरांत घडीपत्रक द्यावे. शक्य तिथे पार्सल घरी न पाठवता गावातल्या परवानाधारक दुकानात उतरवावे, म्हणजे गोळी हाती देताना फार्मासिस्ट दोन शब्द बोलेल. आमच्या गावांत मेडिकलवाला सगळ्या घरांना ओळखतो. कोणाला कोणती गोळी चालू आहे हे त्याला तोंडपाठ असते.

हे सेमाग्लुटाइडपुरतेच नाही. ऑर्लिस्टॅट ही जुनी गोळी. ती अन्नातली चरबी आतड्यात शोषू देत नाही, आणि न शोषलेली चरबी वाट मिळेल तशी बाहेर येते. चार-चार दिवस बोटीवर राहणाऱ्या खलाशाला ही गोळी फॉर्मवर मंजूर करणाऱ्याने बोट कधी पाहिलेली नसावी. त्याने रुग्णाचा धंदा विचारला असता तर हे टळले असते.

याहून वाईट प्रकार आठवडी बाजारात आणि जिममध्ये आहे. ‘आयुर्वेदिक’, ‘हर्बल’ म्हणून वजन उतरवणाऱ्या कॅप्सूल आणि पावडरी विनाचिठ्ठी मिळतात. सिबुट्रामिन हे औषध हृदयाला धोका म्हणून भारतात फेब्रुवारी २०११ मध्ये बंद झाले; त्याआधी डिसेंबर २००९ मध्ये रिमोनाबँट बंद झाले. अशा ‘हर्बल’ मालात सिबुट्रामिन मिसळलेले असल्याचे परदेशी औषध प्रशासनांनी वारंवार पकडले आहे. रायगडच्या बाजारातून नमुने उचलून ते तपासावेत आणि निष्कर्ष जाहीर करावेत. जाहिरातींबाबत तर नवा कायदाही नको. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातीविरोधी कायद्याच्या अनुसूचीत लठ्ठपणाचे नाव आहे. एसटी स्टँडच्या भिंतीवर चिकटवलेला कागद आणि फोनवरची जाहिरात, दोन्हींना तो लावावा.

त्रास झाल्यास कळवायचे कुठे, हे कोणालाच माहीत नाही. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-३०२४ आहे. हा क्रमांक प्रत्येक मेडिकलमध्ये दर्शनी लावावा आणि आरोग्य केंद्रातला तक्रारीचा अर्ज मराठीत ठेवावा. नव्या देशी गोळ्या आल्यावर त्यांच्या गुणवत्तेचे नमुने पहिल्याच वर्षी किनारपट्टीच्या दुकानांतून घ्यावेत. पावसाळा उलटल्यावर घेतले तर दमटपणाचा परिणामही दिसेल.

औषधाने सगळे साधते असे आम्ही मानत नाही. भाताचा ढीग आणि रात्रीचे उशिरा जेवण आमचे आम्हालाच सुधारावे लागेल. पण ज्याला औषधाची खरी गरज आहे त्याला ते घरबसल्या आणि नीट तपासून मिळावे.

या निवेदनावर ३० दिवसांत लेखी उत्तर मिळावे. तसेच आपले अधिकारी, आरोग्य विभाग, केमिस्ट आणि नागरिक यांची एकत्र बैठक श्रीवर्धन येथे घ्यावी. ती अलिबागला ठेवल्यास दक्षिणेकडच्या लोकांना परतीची शेवटची एसटी चुकते.

आपले विश्वासू,
रायगड किनारपट्टीवरील नागरिक
(सह्यांची पाने सोबत जोडली आहेत)

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
मा. जिल्हाधिकारी, रायगड, अलिबाग
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, अलिबाग
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, रायगड
मा. प्रबंधक, महाराष्ट्र वैद्यक परिषद, मुंबई