कार्डाची मुदत वाढली, हाताच्या सरावाचे काय?

२०२० साली नाथांच्या पादुका कोरोनामुळे एसटीने पंढरपूरला गेल्या. तेव्हा सीपीआरचे, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून रक्त फिरते ठेवण्याचे, वर्गही अडले. अमेरिकन हार्ट असोसिएशनने जुन्या कार्डांची मुदत वाढवली. मोठ्या माणसाच्या तोंडावर कापड टाकून नुसती छाती दाबा, असे सांगितले. साथीपुरते ते ठीक.

पण मंडळी, आपल्या उशाला नाथसागर आहे. बुडालेल्याला ३० दाबांमागे २ श्वासही द्यावे लागतात. कार्डाची मुदत कागदावर वाढते, हात मात्र विसरतो. म्हणून ग्रामपंचायतीने आरोग्य केंद्राकडे सरावाचा वर्ग मागावा. पुन्हा साथ आली, तर चार-चार जण बसवा, बाहुली दरवेळी जंतुनाशकाने पुसा. पण वर्ग बंद ठेवू नका. १०८ ची गाडी येईपर्यंत जीव आपल्याच हातात असतो.