परदेशी सेवा : दया की नागरिकत्व?

परदेशी जाऊन केलेल्या स्वयंसेवेची चर्चा बहुधा भूतदयेच्या भाषेत होते. गेलेला माणूस थोर, त्याचा त्याग थोर, एवढे म्हटले की विषय संपतो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या बाबतीत हेच घडले. १९४६ साली व्ही. शांताराम यांचा चित्रपट आला आणि सोलापूरचा हा डॉक्टर लोकस्मृतीत एका करुण कथेचा नायक होऊन बसला. त्यांच्या चीनला जाण्यामागील राजकारण मागे पडले. वस्तुतः ती नागरिकत्वाची कृती होती, आणि तीही नागरिकत्व हाती यायचे होते अशा काळातील.

१९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले, तेव्हा चिनी कम्युनिस्टांचे सेनापती चू तेह यांनी जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितले. सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना लोकवर्गणी जमविण्यात आली आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी अटल, चोळकर, कोटणीस, बसू व मुखर्जी हे पाच डॉक्टर मुंबईहून निघाले. कायद्याने पाचहीजण ब्रिटिश सम्राटाची प्रजा! हिंदुस्थानचे परराष्ट्रधोरण लंडनमध्ये ठरत असे. अशा परतंत्र जनतेने स्वतःच्या निर्णयाने, स्वतःच्या पैशाने दुसऱ्या झुंजणाऱ्या जनतेकडे आपले प्रतिनिधी धाडले, याचा अर्थ तिने परराष्ट्रधोरणावरील आपला हक्क स्वातंत्र्याआधी नऊ वर्षे बजावला. वर्गणी देणारा सामान्य माणूस या कृतीत डॉक्टरांइतकाच भागीदार होता.

कोटणीस तेथे उपकारकर्त्याच्या तोऱ्यात वावरले नाहीत. ते चिनी भाषा शिकले, रुग्णांबरोबर विद्यार्थ्यांचीही जबाबदारी त्यांनी घेतली, १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. मागणी चिनी लोकांची, नेमणूक त्यांची आणि जाब विचारण्याचा अधिकारही त्यांचाच. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, ते तेथेच निवर्तले.

याच सुमारास मदत भारताकडेही येत होती. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपानंतर बिहारमधील गावे पुन्हा उभारण्यासाठी पिएर सेरेसोल हा स्विस अभियंता आला. लष्करी कर भरण्यास नकार दिल्याबद्दल स्वदेशात त्याने तुरुंगवास भोगला होता. नागरिकाचे राष्ट्रीय कर्तव्य बंदुकीऐवजी फावड्याने पार पाडता आले पाहिजे, ही त्याची मागणी होती.

आज परदेशी स्वयंसेवेचा मोठा भाग बाजाराने गिळला आहे. श्रीमंत देशांतील तरुण एखाद्या कंपनीला शुल्क देऊन दोन आठवडे गरीब देशात येतात आणि शाळेची भिंत बांधतात. स्थानिक गवंडी तीच भिंत अधिक सरळ बांधील, आणि एका विमानतिकिटाच्या रकमेत त्याला कित्येक दिवसांची मजुरी मिळेल. पण येथे विकली जाते ती भिंत नव्हे, बांधल्याचे समाधान विकले जाते. कंबोडिया आणि नेपाळ येथे तर आईबाप हयात असलेली मुले अनाथाश्रमांत ठेवली गेली, कारण पाहुण्यांचे पैसे मुलांच्या मागे येत. मागणीने पुरवठा निर्माण केला. मात्र मागणी दात्यांची होती, गरजूंची नव्हे.

सरकारी योजनांचा न्याय करताना थोडी सबुरी हवी. १९६१ मध्ये केनेडी यांनी स्थापिलेले ‘पीस कोअर’ हे शीतयुद्धाचे अपत्य, यात शंका नाही. त्याचे स्वयंसेवक भारतात १९७६ पर्यंत होते. शेती आणि कुक्कुटपालनाची कामे त्यांनी केली. त्या तरुणांच्या प्रामाणिकपणाविषयी संशय घेण्याचे कारण नाही. त्यांच्या कोंबड्यांनी भारतीय अर्थव्यवस्था किती बदलली, हा वाद बाजूस ठेवू. अधिक महत्त्वाचे ते मायदेशी परतल्यावर घडले. निरनिराळ्या गरीब देशांत राहून आलेल्यांपैकी काहींनी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध संघटना बांधली आणि मे १९७० मध्ये वॉशिंग्टन येथील पीस कोअरच्याच कार्यालयाचा काही काळ ताबा घेतला. सरकारने त्यांना परदेशी धाडले होते ते अर्थातच यासाठी नव्हे.