पट कमी, की राज्यकर्त्यांची दानत कमी?

विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रानंतर उघडतात. २०२५ साली त्या २३ जूनला उघडल्या. साकोली तालुक्यात हाच काळ धानाचे पऱ्हे टाकण्याचा. पुढे रोवणी सुरू झाली की भूमिहीन मजुराच्या घरातील थोरली मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळीत घरी राहते, नाहीतर आईबरोबर बांधीत उतरते. गुलाबाची फुले देऊन साजऱ्या होणाऱ्या प्रवेशोत्सवात तिची गैरहजेरी कोणाला जाणवत नाही. ती जाणवते वर्षअखेरीस, आणि तेव्हा दोष तिच्या बुद्धीला दिला जातो.

२०२५ च्या शालान्त परीक्षेत कोकण विभागाचा निकाल ९८.८२ टक्के लागला, तर भंडारा जिल्हा ज्यात मोडतो त्या नागपूर विभागाचा ९०.७८ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. यावर नेहमीची टीका झाली की शिक्षक शिकवीत नाहीत, पालक जागरूक नाहीत. परंतु ज्या घरात गोंडी किंवा पोवारी बोलली जाते, ज्या घराची मराठी झाडीबोलीची आहे, तेथील मूल पहिल्याच दिवशी पुस्तकातील परक्या भाषेसमोर उभे राहते, याचा विचार या टीकेत नसतो. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी, असे घटनेचे ३५० अ हे कलम १९५६ पासून सांगत आहे. त्या कलमाकडे पाठ फिरविणाऱ्या शासनाने १६ एप्रिल २०२५ रोजी पहिलीपासून हिंदी लादण्याचा आदेश काढला. लोकक्षोभ उसळल्यावर २९ जूनला त्याला माघार घ्यावी लागली.

याहून गंभीर प्रश्न शाळेच्या अस्तित्वाचा आहे. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढण्यासाठी जिल्ह्यांकडून प्रस्ताव मागविले. नमुने म्हणून तोरणमाळ व पानशेत यांची नावे पुढे केली. अशा शाळा राज्यात १४,७८३, त्यांतील मुले १,८५,४६७ आणि शिक्षक २९,७०७. एका शिक्षकामागे जेमतेम सहा मुले, मग हा खर्च परवडणार कसा, असा सवाल करण्यात आला. विरोध होताच शाळा बंद करण्याचा हेतू नसल्याचे खुलासे झाले. पण ज्या हिशेबातून ही योजना निघाली तो हिशेब कोणी मागे घेतलेला नाही.

त्या हिशेबातच खोट आहे. शाळा दूर नेल्याने खर्च नाहीसा होत नाही. तो सरकारच्या वहीतून मजुराच्या वहीत जातो. मुलाला पोहोचविण्यासाठी आईची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते, सायकल घ्यावी लागते, आणि नागझिऱ्याच्या जंगलालगतच्या गावांत वाघ-अस्वलांच्या वाटेवरून सहा वर्षांच्या पोराला धाडण्याची जोखीम पत्करावी लागते. हे ज्याला परवडत नाही तो मुलीला घरी बसवितो. अंदाजपत्रकात त्याची नोंद 'बचत' म्हणून होते. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत मिळण्याचा आणि साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळण्याचा अधिकार दिला, तो ही सरासरी काढण्यासाठी नव्हे.

आणि पट कमी झाला तरी कशाने? जन्मदर घटला हे खरे; पण तेवढेच खरे नाही. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याने खासगी शाळांना मोकळे रान दिले, शिक्षकांची भरती वर्षानुवर्षे रखडविली, आणि असलेल्या शिक्षकाला निवडणूक, जनगणना व ऑनलाइन माहिती भरण्याच्या कामाला जुंपले. गावातील ऐपतदार माणूस आपले मूल गाडीत बसवून शहराकडच्या इंग्रजी शाळेत पाठवू लागला. मागे उरली ती गोंड, ढिवर, बौद्ध व अल्पभूधारक कुणबी-तेली घरांची मुले. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांनी दुर्बळ घटकांसाठी पंचवीस टक्के जागा देण्याची गरज नाही, असा नियम शासनाने काढला. उच्च न्यायालयाने तो जुलैमध्ये रद्द केला. म्हणजे खासगी शाळेचे दार गरिबाला बंद करायचे ते जवळ सरकारी शाळा आहे म्हणून, आणि ती सरकारी शाळा मोडायची ती पट कमी म्हणून!

भंडारा हा तलावांचा जिल्हा आहे. कोहळ्यांनी बांधलेल्या मालगुजारी तलावात एखाद्या वर्षी पाणी कमी साठले तर शहाणा शेतकरी तलाव बुजवीत नाही. पाळ कोठे फुटली ते पाहतो.

शेवटी एक कटू गोष्ट पक्षालाही ऐकावी लागेल. १९५४ च्या पोटनिवडणुकीत याच भंडाऱ्याने समाजवादी अशोक मेहतांना लोकसभेत पाठविले आणि त्याच निवडणुकीत डॉ. आंबेडकरांचा पराभव झाला. जातींच्या भिंती ओलांडून मते एकत्र येत नाहीत, हा धडा त्यातून घ्यायचा होता. त्या भिंती कोवळ्या वयात पाडू शकणारी संस्था म्हणजे शेजारची समाईक शाळा. कोठारी आयोगाने १९६६ साली तीच सुचविली होती. परंतु तिच्यासाठी ठराव करणाऱ्या किती कार्यकर्त्यांची मुले आज तिच्यात बसतात? जूनमध्ये गावोगाव पट मोजावा, रिक्त जागांची यादी पंचायत समितीवर न्यावी, शाळा व्यवस्थापन समितीत मजूर पालक बसवावेत, आणि आपले मूल त्याच शाळेत घालावे. हे न करता काढलेल्या मोर्चाला सत्ताधारी तर हसतीलच, पण पालकही विश्वास ठेवणार नाहीत.