खाली बसलेली पुढची बाजू



जुनी गाडी पुढून एका बाजूला खाली बसली, की आपल्याकडे दोन उपाय हमखास सुचविले जातात. एक, शॉकॲब्सॉर्बर बदला. दुसरा, स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबराचा तुकडा बसवा. आमच्या पेढीच्या मारुती ८०० वर हे दोन्ही प्रयोग झाले, पैसेही गेले आणि डावी बाजू होती तेथेच राहिली. ज्यांच्या दारात अशी वीस-पंचवीस वर्षे जपलेली गाडी अजून उभी आहे, त्यांच्यासाठी हा खटाटोप.

मारुती ८०० च्या पुढच्या प्रत्येक चाकावर एक उभा खांब असतो. त्याच्या पोटात तेलाचा शॉकॲब्सॉर्बर आणि बाहेरून गुंडाळलेली स्प्रिंग. गाडीचा भार पेलते ती स्प्रिंग. शॉकॲब्सॉर्बरचे काम हिंदकळणे शमविण्याचे. तो निकामी झाला तर गाडी खड्ड्यानंतर डुलत राहील, खांबावर तेल ओघळलेले दिसेल. पण तेवढ्याने गाडी खाली बसणार नाही. हा एक भेद ध्यानात असता, तर आमचा पहिला खर्च वाचला असता. (अँबॅसडर बाळगणाऱ्यांनी गोंधळू नये. तिच्या पुढच्या बाजूस गुंडाळलेली स्प्रिंग नसतेच. तेथे लांब पोलादी दांडी पीळ घेऊन भार पेलते.)

खर्चाआधी मोजमाप, हा व्यापाऱ्याचा धर्म गाडीलाही लागू आहे. गाडी सपाट जागी उभी करावी. दुकानापुढची फरशी डोळ्यांना सपाट वाटते, पण पाणी वाहून जावे म्हणून तिला उतार दिलेला असतो. गवंड्याच्या पाण्याच्या नळीने खात्री करून घ्यावी. डिकीतले सामान उतरवावे, चारही चाकांत हवा योग्य भरावी आणि गाडी दोन-तीन मीटर पुढे-मागे ढकलावी, म्हणजे स्प्रिंग आपल्या जागी बसतात. मग टेपने चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर घ्यावे. जमिनीपासून मोजू नये. टायरची झीज आणि हवेचा फरक त्यात मिसळतो.

आमच्या गाडीत डावे अंतर उजव्यापेक्षा २२ मिलिमीटर कमी भरले. खरे तर येथेच शंका यायला हवी होती. आपल्या गाड्यांत चालक उजवीकडे बसतो आणि बहुतेक वेळा एकटाच असतो; म्हणून वयोमानाने बसायची ती उजवी बाजू आधी बसते. डावी बसली, म्हणजे कारण म्हातारपणापलीकडचे असावे.

पुढची बाजू कलली म्हणजे दोष पुढेच असतो असेही नाही. मागची एखादी स्प्रिंग थकली, तरी तिचा कल पुढे उमटतो. त्यासाठी पुढच्या चाकांना दगड लावून, मागच्या ॲक्सलच्या बरोबर मधोमध जॅक लावून मागची चाके थोडी अधांतरी करावीत. कल नाहीसा झाला तर दोष मागे. तसाच राहिला तर पुढे. मात्र अशा वेळी गाडीखाली डोके घालू नये. आमचा कल तसाच राहिला.

यानंतर बोनेट उघडून खांबाचे वरचे टोक जेथे बसते, तेथील रबर दबले आहे का आणि भोवतालचा पत्रा गंजून फुगला किंवा चिरला आहे का, ते पाहावे. पत्राच वर उचलला गेला असेल, तर नवी स्प्रिंग काय करणार? लोअर आर्मचे बुश फाटलेत का, तेही पाहावे. शेवटी टॉर्च घेऊन स्प्रिंगचे सर्वांत खालचे वेटोळे निरखावे. ते ज्या वाटीत बसते तेथे चिखल-पाणी साचते, गंज चढतो आणि पोलाद तेथेच तुटते. आमचे तुटलेले वेटोळे त्या वाटीत इतके चपखल बसले होते, की दोन गॅरेजांच्या नजरेतून सुटले. मधल्या काळात बसविलेल्या रबराने उंची थोडी वाढविली, दोष झाकला आणि उरलेल्या वेटोळ्यांवरचा ताण वाढविला. त्याच अवस्थेत आम्ही वडीलधाऱ्यांना घेऊन, उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्याने कुंभोजगिरीच्या दर्शनाला जाऊन आलो होतो. तुटलेले टोक सरकून टायरला लागले असते तर, हा विचार आजही अस्वस्थ करतो.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो. खांबावरची स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत कोंडलेली असते. वरचे मधले नट तसेच सोडले, तर ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. एका गॅरेजात मालकाने स्प्रिंग तारेने बांधायला सांगितली. नट सोडायला पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा बसला होता, तोंड अगदी वर. स्प्रिंग दाबण्याचे साधन कोठे आहे, असे विचारताच मालक हसला. काम थांबवून गाडी तशीच परत आणली. जेथे ते साधन प्रत्यक्ष दिसेल, तेथेच गाडी द्यावी. मजुरी थोडी अधिक पडली तरी चालेल.

स्प्रिंग जोडीनेच बदलाव्यात. उतरविलेल्या दोन्ही शेजारी उभ्या केल्या, तर फरक उघड दिसतो. आमची उजवीही थोडी खुजी झाली होतीच. लोअर आर्मच्या बुशाचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उतरवून, नाहीतर रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटते. उंची बदलली की चाकांची दिशाही बदलते, म्हणून अलाइनमेंट करून घ्यावे. हेडलाइटही पुन्हा लावून घ्यावेत. नाक वर आल्याने प्रकाशझोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो; हे आम्हाला समोरून आलेल्या एका ट्रकवाल्याने दिवे मिचकावून सांगितले.

सध्या दोन्ही बाजूंत ३ मिलिमीटरचा फरक आहे. नव्या स्प्रिंग सुरुवातीला थोड्या बसतात, म्हणून आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवले आहेत. हजार किलोमीटर झाल्यावर पुन्हा टेप लावणार आहे.