जखम भरू नये म्हणून : इतिहास औषधाचा की मात्रेचा?

१/८
जखम लवकर भरणे हे शल्यक्रियेच्या यशाचे लक्षण मानले जाते. काचबिंदूची शस्त्रक्रिया याला अपवाद आहे. तिथे जखम पुरती भरली, की शस्त्रक्रिया फसते! ही विसंगती कशी हाताळली गेली, हे सांगणारा हा धागा. सोबत एक मत : वैद्यकाचा इतिहास आपण केवळ शोधांचा म्हणून वाचतो, तो मात्रेचाही आहे.

२/८
काचबिंदूत बहुधा डोळ्यातील द्रवाचा निचरा मंदावतो, दाब वाढतो आणि दृष्टीची नस कायमची दुखावते. १९६८ मध्ये इंग्लंडच्या केर्न्स यांनी ट्रॅबेक्युलेक्टमीचे वर्णन प्रसिद्ध केले. डोळ्याच्या पांढऱ्या कवचात झडपेसारखी वाट करायची आणि द्रव वरच्या पातळ आवरणाखाली झिरपू द्यायचा. पण शरीराच्या लेखी ही वाट म्हणजे जखमच. फायब्रोब्लास्ट पेशी धावून येतात, वण धरतो, वाट बुजते.

३/८
यावरचे औषध डोळ्यासाठी शोधलेलेच नव्हते. १९५० च्या दशकात जपानमध्ये स्ट्रेप्टोमायसिस जीवाणूपासून मायटोमायसिन मिळाले आणि कर्करोगावर वापरले गेले. ते डीएनएचे दोन धागे एकमेकांना जखडते. पेशीचे विभाजन थांबते.

४/८
१९६३ मध्ये जपानच्याच कुनितोमो व मोरी यांनी टेरिजियम, म्हणजे बुबुळावर सरकणारी मांसल वाढ, पुन्हा उद्भवू नये म्हणून ते वापरले. शस्त्रक्रियेनंतर थेंब घालण्याची ही पद्धत पुढे रूढ झाली. मात्र काही रुग्णांत पांढरे कवचच झिजू लागले. औषध गुणकारी होते. देण्याची रीत धोक्याची होती.

५/८
१९८३ मध्ये तैवानच्या चेन यांनी काचबिंदूच्या शस्त्रक्रियेत मायटोमायसिनचा स्थानिक वापर मांडला. आज रूढ असलेली रीत साधी आहे : औषधात भिजवलेला स्पंजचा तुकडा आवरणाखाली काही मिनिटे ठेवायचा, काढायचा आणि जागा भरपूर द्रवाने धुऊन टाकायची. याउलट, अमेरिकेत १९८४ च्या सुमारास पुढे आलेल्या ५-फ्लुओरोयुरासिलसाठी शस्त्रक्रियेनंतर वारंवार सुया टोचाव्या लागत.

६/८
प्रमाण बहुधा ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. कमी पडले तर वण. जास्त झाले तर दाब नको इतका उतरतो, आवरण विरळ होते आणि वर्षांनंतरही जंतुसंसर्गाचे भय राहते. पुढे लंडनच्या मूरफील्ड्स रुग्णालयात पेंग खॉ व सहकाऱ्यांनी औषध लहानशा जागेऐवजी विस्तृत भागावर लावण्याचा आग्रह धरला. ‘किती’ आणि ‘किती वेळ’ यांच्या जोडीला ‘कुठे’ हा प्रश्नही आला.

७/८
कोणी म्हणेल, औषधच नसते तर मात्रा कशाची? आक्षेप रास्त आहे. पण कालक्रम पाहा : औषध १९५० च्या दशकातले, आणि काचबिंदू शस्त्रक्रियेतील वापराला अमेरिकी औषध प्रशासनाची औपचारिक मान्यता २०१२ ची. मधली अर्धशतकाहून अधिक वर्षे रेणू तोच होता. बदलत गेली ती तो वापरण्याची शिस्त.

८/८
म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांनी ‘कोणी शोधले?’ एवढ्यावर थांबू नये. ‘केव्हा थांबायचे, हे कसे कळले?’ हेही विचारावे. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात एखाददुसरे नाव येते. दुसऱ्याच्या उत्तरात जपान, तैवान, इंग्लंड येथील कित्येक शल्यविशारद येतात. आणि ज्यांच्या डोळ्यांनी चुकलेल्या मात्रेची किंमत मोजली, ते रुग्णही येतात. त्यांना वगळून लिहिलेला इतिहास अपुराच म्हणावा लागेल.